मैनाचे पंधरा दिवस

एटापल्लीच्या रस्त्यावर सकाळी पावलं वाजू लागली की समजायचं, कुठल्या तरी भरतीची जाहिरात निघाली. अजून पुरतं उजाडलेलं नसतं. मोहाची फुलं गळून गेलेली असतात, झाडांना तांबूस पालवी फुटलेली असते आणि त्या झाडांखालून पोरं-पोरी धावत येतात. काहींच्या पायांत बूट, काहींच्या चपला हातात आणि पाय अनवाणी. लोहखनिजाचे ट्रक सुरू व्हायच्या आत त्यांना परतायचं असतं, नाहीतर तांबडी धूळ थेट छातीत जाते. मी दुकानाचं शटर अर्धं उचलून तो आवाज ऐकत उभा राहतो. पूर्वी हा आवाज मला आवडायचा. धावणारा प्रत्येक जण उद्या फॉर्म भरायला माझ्याकडेच येणार असायचा. आता त्या आवाजात मी एकच जोडी पावलं शोधतो, आणि ती नसणार हे मला माहीत असतं.

माझं दुकान फॉर्म भरायचं. एक लॅपटॉप, एक प्रिंटर, फोटो काढायला मागं लावलेला निळा पडदा. या धंद्यात येण्याआधी मी आठवडी बाजारात बांगड्या विकत असे. सायकलवर पेटी बांधून आरमोरीकडून निघायचो आणि बाजार करत करत खाली अहेरीपर्यंत यायचो. कोणी शिकवलं नाही, कोणी भांडवल दिलं नाही. घासाघीस तेवढी येत होती. राग मात्र तेव्हाही नाकावर असायचा.

एका बाजारात माझ्या शेजारी एक व्यापारी बसायचा. मोहफुलं मोजून घ्यायचा आणि बदल्यात मीठ मोजून द्यायचा. त्याच्याकडे दोन पायल्या होत्या. दिसायला सारख्या, पण घ्यायची पायली मोठी आणि द्यायची लहान. एके दिवशी मी उठलो, मोठी पायली पाण्यानं भरली आणि सगळ्यांच्या देखत लहानीत ओतली. उरलेलं पाणी मातीत गेलं. बाया हसल्या, मग ओरडायला लागल्या. त्या बाजारात मला पुढं पावसाळाभर कोणी बसू दिलं नाही. पण त्या दिवसाचा अभिमान मी वर्षानुवर्षं बाळगला. ज्याच्याकडे दोन मापं, तो चोर. एवढं साधं माझं शास्त्र होतं.

दुकान चालायला लागलं तेव्हा एक अडचण रोजची झाली. भरतीला वयाची अट असते आणि वय अमुक तारखेला किती हे मोजावं लागतं. सरकारी पान उघडायला अर्धा-अर्धा तास लागायचा. रांगेतल्या माणसाचा नंबर यायचा, सगळी माहिती भरून व्हायची आणि शेवटी कळायचं की वय बसत नाही. मला वाटलं, आपलं स्वतःचं एक छोटं पान असावं. जन्मतारीख टाकली की ‘बसते’ किंवा ‘बसत नाही’ एवढंच सांगणारं. नेटशिवाय चालणारं.

त्यासाठी चंद्रपूरला एका संगणकाच्या क्लासमध्ये गेलो. मालक माझ्यापेक्षा पंधरा वर्षांनी लहान. म्हणाला, जावास्क्रिप्ट शिकावं लागेल, तीन महिने यावं लागेल. फी सांगितली. मी निम्मी सांगितली. तो हसून म्हणाला, “काका, हा भाजीबाजार नाही. आणि या वयात तुम्ही हे शिकून करणार काय?”

मी खुर्ची मागं सरकवली आणि पाठ फिरवली. बाजारात पाठ फिरवली की मागून हाक येते. दहा पावलांत येते, फार तर वीस. मी जिना सावकाश उतरलो. खाली पानठेल्यापाशी थोडा वेळ उभाही राहिलो. हाक आली नाही. त्या माणसावर माझा राग आजही आहे. मागच्या दिवाळीत त्याच्या गल्लीतून जायची वेळ आली तेव्हा मी गाडी दुसऱ्या रस्त्यानं घेतली.

मग मी फोनवर व्हिडिओ बघून शिकलो. दुपारी गिऱ्हाईक नसताना, पंख्याखाली, एका कानात वायर घालून. पहिला धडा सोपा होता. चौकटीत वय लिहायचं, पानानं त्यात एक मिळवून पुढच्या वर्षीचं वय दाखवायचं. समोरच्या चहावाल्या नामदेवभाऊंना बसवलं. त्यांनी साठ लिहिलं. पानानं दाखवलं, सहाशे एक.

नामदेवभाऊंनी पडद्याजवळ वाकून आकडा वाचला. मग म्हणाले, “मंग माही पेन्शन कवापासूनची बाकी आहे, तेबी पाहून घे ना जी.”

दोन दिवस अख्खा चौक त्यांना सहाशे एक म्हणत होता. मला मात्र तिसऱ्या दिवशी उलगडा झाला. चौकटीत लिहिलेलं काहीही या भाषेला आधी निव्वळ अक्षरं वाटतं. साठ हा तिच्यासाठी आकडा नसतो, सहा आणि शून्य अशी दोन चिन्हं असतात. त्यात एक मिळवा म्हटलं की ती शेजारी एक चिन्ह आणून ठेवते. तिला आधी सांगावं लागतं, बाई, याला आकडा समज. अशा अक्षरांच्या ओळीला स्ट्रिंग म्हणतात. मला हे पटलं. कागदावरची सही म्हणजे माणूस नव्हे, तसं हे.

आता कधी कधी वाटतं, सहाशे एक ही किती भली चूक होती. ओरडून सांगत होती की मी चूक आहे. सगळा चौक हसला आणि ती सुधारली गेली. तेव्हापासून माझी अशी समजूत झाली की मशीन चुकलं तर असंच चुकणार, सगळ्यांना दिसेल असं.

तारखेचं काम त्यानंतर केलं. जन्मतारीख निवडायला कॅलेंडरची चौकट ठेवली. भरतीची तारीख, म्हणजे ज्या दिवशीचं वय धरायचं ती, जाहिरातीत बघून मी स्वतः आत लिहिली. त्या वर्षी जंगलखात्याची भरती होती. तारीख तीस एप्रिल. फॉर्म भरायची शेवटची तारीखही तीच. मी वर्ष लिहिलं, मग चार, मग तीस. पान चालवून पाहिलं. माझं वय बरोबर आलं, बायकोचं आलं, नामदेवभाऊ साठच भरले. शटरवर खडूनं लिहिलं, ‘वय तपासून मिळेल.’

पहिल्याच दिवशी रांग लागली. पान भराभर उत्तर देत होतं आणि एकही उत्तर चुकत नव्हतं. ते का चुकत नव्हतं, हे मला फार उशिरा कळलं.

आमच्याकडे ज्यांचं वय भरतीच्या टोकाला आलेलं असतं, त्यांच्या पिढीतली बहुतेक मुलं घरी जन्मलेली. भाताची रोवणी चालू होती, मोह पडत होता, नदीला पूर होता, अशा खुणांवर जन्मलेली. पहिलीत नाव घालताना मास्तर तारीख विचारायचे, बाप मोहाकडे बोट दाखवायचा आणि मास्तर लिहायचे, एक जून. नाहीतर एक जुलै. गावंच्या गावं एकाच दिवशी जन्मलेली. माझ्या कॅलेंडरच्या चौकटीत दिवसभर एक जून, एक जुलै, एक जून. मी हसायचो. म्हणायचो, “एक जूनले जंगलात पोरांचा पाऊस पडते का रे?”

अशा रांगेत मैना आली.

तिचं गाव एटापल्लीपासून बरंच आत, दोन नाले ओलांडून. रोज सकाळी गावातून डांबरी रस्त्यापर्यंत आणि परत धावायची. हे मला माहीत होतं, कारण फोटो काढायला आली तेव्हा तिच्या पिंढऱ्यांवर धुळीचे पट्टे होते. ही तिची शेवटची संधी होती, पुढच्या भरतीला वय संपणार होतं. तिच्यासोबत तिचा बाप होता, दलसूभाऊ. खांद्यावर टॉवेल, हातात वेळूचा पोंगा, बुच लावलेला. त्यात कागद. त्यांनी बुच काढून एक पिवळी चिठ्ठी काढली. विडीच्या तेंदूपानांच्या हंगामात मैना झाली तेव्हा फळीवर, म्हणजे जिथं पानं मोजून घेतात तिथं, एक नर्सबाई गोळ्या वाटायला आली होती. तिनं पोर बघितली आणि चिठ्ठीवर लिहून दिलं, पंधरा मे. शाळेत मास्तर एक जून लिहायला लागले तेव्हा दलसूभाऊंनी ती चिठ्ठी टेबलावर ठेवली आणि हलले नाहीत.

“म्या मास्तरले म्हनलं,” त्यांनी मला सांगितलं, “पोरगी तेंदूत झाली, जूनात नाई. खरं हाय ते लिवा.”

मी पंधरा मे टाकलं. पान म्हणालं, बसत नाही.

मैना म्हणाली, “भाऊ, कसं नाई बसत? तीस एप्रिलले वय संपाले मले अजून पंधरा दिवस बाकी आहेत ना.”

“मशीन सांगून राह्यली ना.”

“तुमी एकडाव बोटांवर मोजून पाहा जी.”

मागं चाळीस माणसं उभी होती. पंखा बंद होता. तिसऱ्यांदा प्रिंटर अडला होता. मी मान वर न करता बोललो, “मशीनपेक्षा तू शहानी झाली का? वय गेलं म्हंजे गेलं. चल, पुढचा कोन?”

ती तरी हलली नाही. “सरकारी पान उघडून तं पाहा.”

“अर्धा घंटा लागते ते उघडाले. हे मांगचे लोक काय तुह्या लग्नाले आले का?”

रांगेत दोघं-तिघं हसले. दलसूभाऊंनी चिठ्ठी घडी घालून पोंग्यात ठेवली, बुच बसवलं. मैनानं पाठ फिरवली. ती सावकाश चालत गेली, दारापर्यंत, पायरीपर्यंत, चहाच्या ठेल्यापर्यंत. मी पाहत होतो. ज्या माणसाला आयुष्यभर पाठीचा अर्थ वाचता आला, त्या माणसानं पाहिलं आणि हाक मारली नाही.

तीस एप्रिल उलटला. सहाव्या दिवशी दुपारी दुसऱ्या एका भरतीसाठी मी पान नीट करायला बसलो. लोक सारखे विचारायचे, कोणत्या तारखेचं वय धरता? म्हटलं, वर मोठ्या अक्षरांत तारीख छापू या. एका व्हिडिओत सांगितलं होतं की तारखेला मराठीत बोलायला लावता येतं. तीस एप्रिल आतमध्ये तशीच होती, तिच्यावरच करून पाहिलं. एक ओळ लिहिली, पान चालवलं आणि पडद्यावर आपले आकडे उमटले. सुंदर देवनागरी तीन, देवनागरी शून्य. मला इतका आनंद झाला की नामदेवभाऊंना हाक मारणार होतो. मग पुढचा शब्द वाचला.

३० मे.

मला वाटलं मराठी करताना गडबड झाली. इंग्रजीत करून पाहिलं. मेच. चार काढून तीन टाकलं. तीस एप्रिल. मग फोनवर शोधत गेलो आणि तिथं कोणीतरी नवशिक्यांसाठी अगदी सहज सांगितलेलं होतं. सुटे आकडे देऊन तारीख बनवली की ही भाषा महिने शून्यापासून मोजते. जानेवारी शून्य, फेब्रुवारी एक. दिवस मात्र एकपासून. वर्ष जसंच्या तसं. आणि तीच तारीख अक्षरांत दिली, कॅलेंडरच्या चौकटीतून येते तशी, तर महिना आपल्यासारखाच मोजते, पाचवा म्हणजे मे.

एकाच दुकानात दोन पायल्या.

मैनाची जन्मतारीख मी अक्षरांच्या मापानं घेतली होती आणि भरतीची तारीख आकड्यांच्या मापानं. मधे एक महिना मातीत सांडला होता. तीस एप्रिल ते तीस मे, आणि मैनाचा पंधरा मे बरोबर त्यात. त्या महिन्यात एक जून बसत नाही, एक जुलै बसत नाही. मास्तरांनी कल्पनेनं जन्माला घातलेली सगळी गावं त्या खड्ड्याच्या पलीकडून सुखरूप निघून गेली होती. खड्ड्यात पडली ती एकटीच, जिची तारीख खरी होती.

मी जंगलखात्यात फोन केले. लिंक बंद झाली, एवढंच उत्तर मिळालं. मोटारसायकल काढली.

मैनाच्या गावच्या फळीवर तेंदूचा हंगाम भरात होता. पळसाखाली बाया बसलेल्या, पानांचे ढीग, उन्हात वाळायला मांडलेल्या पुड्यांच्या रांगा, हिरव्या पानांचा तुरट वास. मैना पुडे बांधत होती. सत्तर पानांचा एक पुडा. पानं जुळवायची, देठ एका बाजूला घ्यायचे, सालीची दोरी आवळायची. मी उभ्या-उभ्या सगळं सांगितलं. माझी चूक, दोन मापं, तीस मे. महिने शून्यापासून मोजतात हेही सांगितलं, जणू त्यानं काही कमी होणार होतं.

तिनं सगळं ऐकून घेतलं. हात थांबले नव्हते. मग विचारलं, “म्हंजे मी बरोबर मोजलं होतं?”

“हाव.”

“पंधरा दिवस बाकी होते.”

“हाव, पंधरा.”

“मंग ठीक,” ती म्हणाली आणि हातातला पुडा सोडून पानं पुन्हा पहिल्यापासून मोजायला लागली. माझ्यामुळं मोजणी चुकली होती.

दलसूभाऊ मागं उभे होते. ते चिडले असते तर मला बरं वाटलं असतं. भांडणात मी पाय रोवून उभा राहतो. ते शांतपणे म्हणाले, “भाऊ, एक सांगा. मास्तरले जून लिवू देलं असतं तं?”

मी खोटं बोलू शकत होतो. नाही बोललो. “तं बसलं असतं.”

त्यांनी मान हलवली. बाजारात सौदा संपला की हलवतात तशी. मला पाणी दिलं. वाटेतल्या नाल्यात गाडी जपून घाला म्हणाले.

परतीच्या वाटेवर मी त्या चंद्रपूरच्या माणसाला खूप शिव्या दिल्या. मग ज्या कोणी परदेशात बसून महिने शून्यापासून मोजायचं ठरवलं, त्याला दिल्या. मास्तरांना दिल्या. माझा राग असा आहे की त्याला नेहमी दुसऱ्याचं दार सापडतं. पण वाटेतल्या सागवानातून जाताना एक गोष्ट मनात येऊन बसली, ती अजून उठलेली नाही. त्या क्लासच्या मालकाची फी मी भरली असती, तर हे महिन्यांचं त्यानं दुसऱ्या-तिसऱ्या दिवशीच सांगितलं असतं. नवशिक्यांचा धडा आहे तो. मी जिना उतरलो आणि किंमत मैनानं मोजली. तरीही त्या माणसावरचा राग गेला नाही, हे खरं ते सांगतो.

मैना पुन्हा कधी दुकानात आली नाही. आता गावच्या शाळेत खिचडी शिजवते असं कळतं. धावणं सुटलं. पानात मी दुसऱ्याच दिवशी दुरुस्ती केली. आता प्रत्येक तारीख आधी मराठीत, अक्षरांत दाखवतो, समोरच्याला मोठ्यानं वाचायला लावतो, मगच पुढं जातो. वेळ लागतो. रांग कुरकुरते. कुरकुरू दे.

या वर्षी पुन्हा तेच दिवस. पहाटे पावलं, दुपारी उकाडा, शाळांचे प्रवेश. परवा रांगेत टॉवेल दिसला, वेळूचा पोंगा दिसला. दलसूभाऊ. बोट धरून नात, मुलाची मुलगी, दोन वेण्या, नव्या चपला. पहिलीत नाव घालायचं होतं, त्याचा अर्ज. पोर घरीच जन्मलेली, नदीला पाणी होतं म्हणून दवाखान्यात नेता आलं नव्हतं. जन्माचा दाखला नव्हता.

मी उठून त्यांना खुर्ची दिली. ते बसले नाहीत. मी जन्मतारीख विचारली.

“एक जून,” ते म्हणाले.

“रोवणीत झाली ना ही? तुमच्याच गावच्या मानसानं सांगतलं होतं, पूर होता म्हून.”

“एक जून लिवा.”

“दलसूभाऊ, दिवस तुमाले माहीत आहे. तुमी इसरनारे नाई.”

“माहीत हाय.”

“मंग तो सांगा. आता पान बरोबर आहे. मी सोता तपासतो. तुमच्यासमोर वाचून दाखवतो.”

“खरी घेऊन काय करता, भाऊ?”

मी घासाघीस केली. आयुष्यात केली नसेल तशी. बरोबर तारखेचे सगळे फायदे सांगितले, पुढं कागद जुळतात ते सांगितलं, तहसीलचं सांगितलं, स्वतः शाळेत येतो म्हणालो, एक रुपया घेणार नाही म्हणालो. ते ऐकत राहिले. नात निळ्या पडद्याला हात लावून बघत होती.

मग त्यांनी पोंग्याला बुच बसवलं, नातीचं बोट धरलं आणि पाठ फिरवली.

मी पहिल्याच पावलाला हाक मारली.

ते वळले, येऊन उभे राहिले. मी एक जून टाकलं. पडद्यावर मराठीत उमटलं. नियमाप्रमाणे मी मोठ्यानं वाचून दाखवलं, “एक जून.”

“हाव,” दलसूभाऊ म्हणाले. मग नातीकडे वाकून तिला म्हणाले, “आयकलं ना? कोनी इचारलं तं हेच सांगजो.”

तिनं मान हलवली आणि दोनदा म्हणून दाखवलं, न चुकता.